भावाच्या दवाखान्याची पायरी

झाडाच्या सालीच्या कापडाचं काम सुरू झालं, की लांब फळीपासून मध्येच कुणी उठायचं नाही, असा बेटावरचा रिवाज होता. दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका समोरासमोर बसत, सालीचे पापुद्रे कंदाच्या खळीने एकमेकांवर चिकटवत आणि कापड हातभर पुढे सरकवत. एखादी उठली की ताण सुटे, ओली साल सुरकुते आणि मग तिला साऱ्याजणींची बोलणी खावी लागत.

लोसालिने सकाळपासून उठली नव्हती आणि आता तिला उठायची भीती वाटत होती. आतलं फडकं केव्हाच भिजलं होतं. बेटावरच्या रीतीप्रमाणे कमरेला बारीक विणीची चटई गुंडाळलेली होती म्हणून वरून दिसत नव्हतं, एवढंच. तीन महिने काहीच नाही आणि आज सलग अकरावा दिवस. मधूनच छातीतून आग निघून कानांपर्यंत चढे आणि ती हाताला खळ आहे हे विसरून त्यानेच तोंड पुसायला जाई.

"हिला फारच उकडतंय हल्ली," समोरून फाने म्हणाली. "सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळणा हलवतेस की काय गं? हिच्या नवऱ्याला, पेनीला सांगा, रात्रीचा मासे धरायला जात जा म्हणावं. घरी बसू नको."

बायका हसल्या. लोसालिनेही हसली.

"हसता काय," तुपौआजी म्हणाली. आजी सत्तरीची, फळीच्या टोकाला बसणारी. "माझं बंद व्हायच्या आधी असंच झालं होतं. एकदा तर देवळात..."

लोसालिनेचा हात थांबला. देवळात काय झालं, ते तिला ऐकायचं होतं. इतके दिवस हेच कुणाला तरी विचारायचं होतं.

तेवढ्यात दारात सायमोने आला.

"गप्प बसा, बहीण-भाऊ आहेत इथे," फाने पुटपुटली आणि बोलणं जागच्या जागी थांबलं. आजीने मान खाली घालून साल घासायला घेतली.

सायमोने लोसालिनेचा धाकटा भाऊ. रीतीप्रमाणे बारा वर्षांचा झाल्यापासून तो तिच्याबरोबर एका छपराखाली झोपला नव्हता. दोघांसमोर अंगाची, बाईपणाची गोष्ट कुणी काढत नसे, थट्टेतसुद्धा नाही. आणि बेटावरच्या एकुलत्या एक दवाखान्याचा अधिकारी तोच होता.

"ताई, डोकं कसं आहे?" त्याने दुरूनच विचारलं.

"आहे तसंच."

त्याने गोळ्यांची पट्टी खाली अंथरलेल्या चटईच्या कडेला ठेवली आणि तो गेला.

दोन महिन्यांपूर्वी, पाळी चुकली तेव्हा, लोसालिने खरं सांगायला म्हणून दवाखान्यात गेली होती. खुर्चीवर तो दिसला आणि तिच्या तोंडून डोकेदुखी निघाली. तेव्हापासून तो आठवणीने अ‍ॅस्पिरिन आणून देई. भावाने दिलेल्या म्हणून ती त्या घेई. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात जायला चिठ्ठी लागे आणि ती चिठ्ठी त्यानेच लिहायची असे.

आई एक्कावन्नाव्या वर्षी अशीच गेली होती, पाच महिने फडकी धूत. सायमोने तेव्हा राजधानीत शाळेत होता. त्याला तापाने गेली असं कळवलं. मुलाला दुसरं काय कळवणार?

संध्याकाळी सगळ्या गेल्या. सायमोनेची बायको विका फळ्या धुवायला आली, तर लोसालिने तिथेच बसलेली.

"वन्सं, उठा की."

"उठता येत नाही गं."

विकाने एकदा खाली पाहिलं आणि काही न विचारता स्वतःचं लुगडं सोडून तिच्याभोवती गुंडाळलं. आत तिचा जुना घागरा होता. वाटेत लोसालिनेने सगळं सांगितलं.

"मी सांगते यांना," विका म्हणाली.

"नको. पुन्हा माझ्या तोंडाकडे बघणार नाही तो."

"तुम्ही दवाखान्यात आत बसा. ते बाहेर पायरीवर बसतील, तुमच्याकडे पाठ करून. मी दारात उभी राहते. तुम्ही मला सांगायचं, मी त्यांना."

"त्याला सगळं ऐकू येईल."

"येऊ दे. तुम्ही बोलताय माझ्याशी ना?"

दुसऱ्या दिवशी तसंच झालं.

"किती दिवस?" सायमोने अंगणाकडे बघत म्हणाला.

"बारा," आतून आवाज आला.

"बारा म्हणतात," विका म्हणाली.

"तासाला किती फडकी?"

"एक. कधी दोन."

"एक. कधी दोन."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

विकाने आत वळून पाहिलं. "डोकं कधी दुखलंच नव्हतं."

"मग त्या गोळ्या?"

"घेतल्या म्हणतात. तुम्ही दिल्या म्हणून."

"सांग तिला, आजपासून एकही नाही. त्या गोळ्यांनी रक्त पातळ होतं. जास्त जातं." मग घसा साफ करून, पाठ केल्यासारखा बोलत राहिला. "सांग, पाळी थांबायच्या आधी काही वर्षं ती अशीच डगमगते. कधी महिने चुकतात, कधी लोंढा. आग होणं, झोप उडणं त्यातलंच. बहुतेकींचं तेवढंच असतं. दिवस गेलेत का तेही बघायला लागेल. पण इतकं जात असेल, तर वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. आतून तपासायला हवं." त्याने मांडीवरच्या तपासणीच्या कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. "घरात आणखी कुणाला असं..."

कुणाचं घर, ते वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं असावं.

"आईला," लोसालिने म्हणाली.

विकाने ते पुढे सांगितलं नाही.

दारातून लोसालिनेला त्याची मान तेवढी दिसत होती. जाऊन शेजारी बसावं असं तिला वाटलं. पण हाताच्या अंतरावर ती बारा वर्षांच्या सायमोनेच्या शेजारी शेवटची बसली होती. तिचे पाय हलले नाहीत.

त्याने चिठ्ठीवर नाव लिहिलं, वय लिहिलं. कारणाच्या ओळीवर पेन थांबलं. मागे न वळता त्याने कागद खांद्यावरून विकाला दिला.

"तू लिही. ती सांगेल ते." आणि सगळं ऐकून झालेल्या त्या माणसाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

विकाने लिहिलं. त्याने न वाचता खाली सही केली. "बोट गुरुवारी आहे," तो म्हणाला. चिठ्ठी आत गेली, पण तो उठला नाही. त्याचे खांदे हलत होते.

दवाखान्याला दार एकच होतं आणि तो पायरीवर बसला होता. चिठ्ठी मुठीत धरून लोसालिने तपासायच्या खाटेवर टेकली.

"अहो, जरा बाजूला होता का?" विका हलकेच म्हणाली. "त्यांना जायचंय."

"थांब थोडं," तो म्हणाला.

त्या थांबल्या.