फिनाइलचा वास

दवाखान्याच्या दुसऱ्याच पायरीवर भीमाबाईंचे पाय थबकले. आत कोणीतरी नुकतीच फरशी पुसली होती. फिनाइलचा वास नाकात शिरला, आणि त्या वळून थेट रस्त्यावर आल्या. लेकीनं, मोनालीनं, पोट दाबून धरत एकटीनंच डॉक्टरांना दाखवलं. पित्ताशयात खडे निघाले. परीक्षा आटोपली की ऑपरेशन, असं ठरलं.

भीमाबाई नागपूरच्या महाल भागात ब्लाऊज शिवायच्या. नवरा, प्रेमानंद, काविळीनं अशाच फिनाइलच्या वासाच्या एका वॉर्डात गेला, तेव्हापासून त्या कुठल्याच दवाखान्यात शिरल्या नव्हत्या. घरात फिनाइलही येत नसे. बाई भित्री आहे, असं लोक म्हणत. त्यांनाही ते खरं वाटे, आणि लाज वाटे.

मोनाली बीएच्या पहिल्या वर्षाला होती. एका दुपारी ती मानसशास्त्र मोठ्यानं वाचत होती. कुत्र्याला खायला देताना दर वेळी घंटा वाजवली, की पुढे नुसत्या घंटेनंही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. भीमाबाईंनी मशीन थांबवली.

"मंग घंटा वाजवतच राहिलं अन् खायले दिलंच नाही, तर?"

"तर हळूहळू लाळ येणं बंद होते. विलोपन म्हणतात त्याले. काहून वं आई?"

"काही नाही. वाच तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिनाइलची बाटली आणली. आधी ती नुसती बंदच कोपऱ्यात ठेवली. मग झाकण उघडलं आणि त्या अंगणात पळाल्या. तोंड धुऊन पुन्हा आत आल्या, बाटलीशेजारी बसून ब्लाऊजला हुक लावू लागल्या. रोज थोडा जास्त वेळ. काही दिवसांनी स्वतःच्या हातानं घर पुसलं. मोनालीच्या सगळं लक्षात आलं होतं. ती फक्त खिडकी उघडी ठेवायची.

ऑपरेशनसाठी कुही गावाहून थोरले दीर बापूजी आले. भीमाला झेपायचं नाही, पोरीजवळ आपणच थांबू, असं त्यांचं म्हणणं.

"नाही, भाऊजी. पोरगी माही आहे. तिच्याजवळ मीच राहीन."

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात वासानं त्या डगमगल्या नाहीत. पण स्ट्रेचरच्या चाकांची करकर, सलाईनची लोंबती नळी, यांची सवय त्यांनी कुठं केली होती? बाकाची कड त्यांनी घट्ट धरली. बापूजी म्हणाले, बाहेर जाऊन जरा हवा खाऊन ये. त्या उठल्या नाहीत.

ऑपरेशन झाल्यावर नर्सनं दार उघडून विचारलं, पेशंटजवळ कोण थांबणार?

"मी," भीमाबाई म्हणाल्या, आणि भिंतीला धरत आत गेल्या.

मोनाली अर्धवट गुंगीत पाणी मागत होती. पाणी इतक्यात द्यायचं नव्हतं. नर्सनं ओला कापूस हातात दिला. प्रेमानंदानंही शेवटी पाणीच मागितलं होतं, आणि तेव्हा त्या खाली औषधाच्या रांगेत होत्या.

भीमाबाईंनी स्टूल जवळ ओढलं आणि लेकीचे ओठ हलकेच ओले केले.