स्माइट

“बिभीषणाचं नाव घिऊ नका, मास्तर,” हरिबा पाटील खाली बघत म्हणाले. “उद्या फौजदार येतील. अंधार व्हता, वळखू आलं न्हाय, एवढंच सांगा.”

जलीलमास्तर उंबरठ्याकडे बघत होते. निजामाचं राज्य गेलं त्याच आठवड्यात, याच उंबरठ्यावर, त्यांचा मुलगा वजीर मरून पडला होता. तिथल्या काळ्या डागावर त्यांची बायको शरिफाबी ओली माती फिरवत होती.

“अंधेरा?” ती म्हणाली. “भर दुपेर थी, पाटील. मेरे हात की रोटी खाया सो बिभीषण.”

“व्हय, भाभी. पन आता गाव त्याचं हाय. नाव घेतलं तर गाव सोडून येडशी टेसनापतूर बी पोचनार न्हाय तुमी. नसीमकडं बगा.”

नसीम, धाकटी लेक, चुलीमागे बसली होती.

स्माइट. क्रियापद. जुनं इंग्रजी.

अर्थ दोन: जोरानं मारणे.

शाळेत इंग्रजीच्या तासाला मास्तर प्रत्येक क्रियापद मुलांकडून करवून घेत. बिभीषणनं रूळ उगारला. समोर वजीर. रूळ कपाळापाशी येऊन थांबला.

“हान की!” पोरं ओरडली.

“गप ए! दोस्त हाय माजा.”

मास्तरांनी त्याला शाबासकी दिली होती.

अर्थ तीन: देवाच्या कोपानं मारणे. हा त्यांनी शिकवलाच नाही.

अर्थ एक, सगळ्यांत जुना: माखणे, सारवणे.

“मंग आमची आय रोज भुईला मारती व्हय, मास्तर?” बिभीषणनं विचारलं होतं. वजीर सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

“तेव्हा हात नुसता फिरायचा, बेटा,” मास्तर म्हणाले होते. “मारायला मागनं शिकला.”

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. बिभीषण समोरच्या लिंबाखाली उभा होता. मास्तर दिसताच सवयीनं त्यानं विडी पाठीमागं लपवली.

“कोणी मारलं?”

मास्तरांनी नसीमकडे पाहिलं.

“ओळखू आलं नाही. अंधार होता.”

“दुपारी?”

“जी.”

फौजदारांनी मान वर केली नाही. “बरं. अंधार.”

सगळे गेले. उंबरठा वाळला होता. मातीतून डाग पुन्हा वर आला होता. शरिफाबीनं घमेल्यात माती भिजवली. मास्तर शेजारी उकिडवे बसले, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मातीकडे हात नेला.

हात पोचायच्या आत ती घमेलं उचलून आत गेली.

मास्तर कोरडाच तळहात उंबरठ्यावरून फिरवत राहिले.