बोल्टांचा मांडव, दोरीचा मांडव

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्या परसात आलात तर वर फार निरखून पाहू नका. मी एक जुना, वाकडा मांडव आहे. दिग्रसला कापूस बाजाराच्या मागच्या आळीत, गफ्फार फिटर यांच्या घरामागे मी उभा आहे. सागाच्या चार बल्ल्या, त्यांवर बांबूंची चौकट आणि चौकटीवर वालाचा वेल, एवढाच माझा पसारा. पण माझ्या जवळजवळ प्रत्येक सांध्याला एकेक भोक आहे. रिकामे, आरपार. वेल दाट असला की भोके दिसत नाहीत. उन्हाळ्यात पाने झडली की आकाश त्यांतून डोकावते, आणि मला अजूनही अंग चोरावेसे वाटते.

माझा जन्म १९५६ सालच्या उन्हाळ्यातला. त्याच वर्षी पुढे आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. तोवर या परसात सावली अशी नव्हतीच. चूल बाहेर, धुणे बाहेर, भांडी बाहेर. वैशाखात गफ्फारभाईंच्या पत्नी हजराबी डोक्यावर ओला पदर घेऊन भाकरी थापायच्या आणि तो पदर तव्याआधी वाळायचा. एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या की वालाचा एक मांडव करू या. सावली होईल, शेंगाही होतील. तांड्यावरचा खेमसिंग बल्ल्या आणि बांबू आणून देईल, आणि बांधायला अंबाडीची दोरीही देईल. (घरात त्यांची बोली हिंदीकडे झुकलेली असे. पण मी परसातला. मला वऱ्हाडीच येते, म्हणून त्यांचे बोलणे मी तसेच सांगतो.)

गफ्फारभाई हसले. "दोरी ढोरायले बांधतेत. मी मशिनी उभ्या करतो, हे तं चार खांब हायेत."

ते एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. तिथे लोखंडाला लोखंड जोडायचे ते बोल्टानेच. जिनिंगच्या मागे मोडलेल्या जुन्या मशिनीचे भंगार पडले होते. त्या वेळचे मॅनेजर नोकरी सोडून नागपूरला निघाले होते. जाता जाता ते गफ्फारभाईंना म्हणाले की त्यातले काय लागेल ते घेऊन जा. असे ते चौकोनी डोक्याचे, बोटाएवढे जाड बोल्ट माझ्या अंगावर आले. एक मात्र कमी पडला. तो त्यांनी बाजारातून विकत आणला. त्याचे डोके सहा कोनी होते आणि तो बाकीच्यांहून बारीक होता. उजव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात त्याला जागा मिळाली.

त्यांची मुलगी गुलनार तेव्हा सुट्टीत मामाकडे पुसदला गेली होती. मला उभा होताना तिने पाहिले नाही. हे लक्षात असू द्या.

गफ्फारभाईंनी गिरमिटाने भोके पाडली, बोल्ट घातले, वायसर बसवले आणि पान्याने नट आवळले. जिनिंगमध्ये बोल्ट सैल राहिला तर माणसाची बोटे जातात. त्यांनी ती जाताना पाहिली होती. म्हणून आवळायचे ते पूर्ण, आणि वर आणखी एक आटा, अशी त्यांच्या हाताला सवय होती. लोखंड ते सोसते. बांबू सोसत नाही. शेवटच्या आट्याला माझा एकेक बांबू टचकन उलत, चिरत गेला. पावसाळा येईपर्यंत मी एका अंगाला कलंडलो. हजराबींनी वर पाहिले, पण दोरीचे नाव काढले नाही. त्या शहाण्या होत्या.

शेजारी पुंडलिकराव राहत. पोस्टातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. कुडावरून डोकावून ते म्हणाले, "काय गफ्फारमिया, मांडव बांधला का जिनिंग उभी केली? सरकी कोणत्या बाजूनं निघते?"

सारे हसले. गफ्फारभाईही हसले. मीही, वाकडा का होईना, हसलो असतो. कारण त्या वर्षी वाल असा आला की शेंगा तोडता तोडता हजराबींचे हात दुखत. आळीतल्या प्रत्येक घरी टोपलीभर शेंगा गेल्या. पुंडलिकरावांकडे दोनदा गेल्या. दुपारी बायका माझ्याखाली बसून तांदूळ निवडत आणि म्हणत की हजराबीच्या परसात वारा लागतो. माझ्या आयुष्यातले तेच एक वर्ष मी मान वर करून उभा होतो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला. मशिनी उघडल्या तेव्हा काही पितळी बेरिंगा जागेवर नव्हत्या. मॅनेजर नवे होते. त्यांनी चौकशी लावली. माणसे एकमेकांकडे पाहू लागली, आणि पाहता पाहता कोणाला तरी माझी आठवण झाली. गफ्फारच्या परसात जाऊन पाहा, मशिनीचे बोल्ट मांडवाला लावलेत, असे कोणीतरी म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच ते भराभर पसरले.

पुंडलिकराव पुन्हा कुडाशी आले. या वेळी त्यांची नजर एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर जात होती. "एवढे जाड बोल्ट दिग्रसच्या दुकानात काही भेटत नाहीत बावा," ते म्हणाले, आणि हसले. या वेळी कोणी हसले नाही. त्याच दिवशी हजराबींनी पाठवलेली शेंगांची टोपली त्यांच्याकडून तशीच परत आली. आमच्याकडे हायेत, असा निरोप होता. त्यांच्याकडे वाल लावलेलाच नव्हता.

मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या दिवशी परसातून निघून गेलो असतो. ज्या माणसाने मला उभे केले त्याचे नाव माझ्याच अंगावरून खाली घसरत होते, आणि मी ते लोखंड झाकू शकत नव्हतो. पानांनी काही झाकले, काही उघडे राहिले.

गुलनार तेव्हा सातवीत होती. वाचनाची भारी आवड. शाळेतून आली की माझ्याखाली बाज टाकून पुस्तक उघडायची. त्या संध्याकाळी पुस्तक उघडे होते, पण पान उलटत नव्हते. शाळेत मुलींनी तिला विचारले होते की तुमच्या मांडवाखाली बसायला चौकीदार ठेवलाय का.

गफ्फारभाई कामावरून आले आणि मोरीपाशी हात धुऊ लागले. गुलनार उठून त्यांच्यामागे उभी राहिली.

"अब्बा, हे बोल्ट तुम्ही विचारूनच आणले ना?"

लोट्यातले पाणी त्यांच्या हातांवर पडत राहिले. हात चोळायचे थांबले होते. लोटा रिकामा झाला तेव्हा ते म्हणाले, "हो बेटा."

त्यांनी हात पुसले आणि आत गेले. गुलनारकडून 'बरं' नाही, 'मले माहीत होतं' नाही. त्यांचा तो 'हो' दोघांच्या मधे पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गुलनार शाळेत गेली. गफ्फारभाई कामावर गेले नाहीत. पाना घेऊन ते परसात आले. हजराबींनी विचारले, "वेल लेकुरवाळा झाला हाय. आताच काहून काढता?"

"आपल्या घरात त्यायचं लोखंड नको."

हजराबी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन अंबाडीच्या दोरीचा बिंडा घेऊन आल्या. ती त्यांनी पहिल्याच वर्षी खेमसिंगकडून घेऊन ठेवली होती आणि फळीवर मागे सारली होती. गफ्फारभाई एक नट सोडवत, बोल्ट ठोकून काढत, आणि तो पडण्याआधीच हजराबी त्या सांध्याला दोरीचे वेढे घालत. एका हाताने वेल सावरत, दुसऱ्याने गाठ मारत. माझे वजन क्षणभर त्यांच्या खांद्यावर येई. शेवटच्या कोपऱ्यात तो सहा कोनी बोल्ट आला. गफ्फारभाईंनी त्यावर पाना ठेवला, पुन्हा उचलला आणि खाली उतरले; हजराबींनी त्यावरूनच दोरी बांधली.

ते बोल्ट पोत्यात भरून त्यांनी खांद्यावर घेतले. मागच्या बोळीतून जाता आले असते. ते बाजाराच्या रस्त्याने गेले, भर दुपारी.

पुढे काय झाले ते मला खेमसिंगमुळे कळले. त्याची कापसाची गाडी त्या वेळी जिनिंगच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तो परसात येऊन बसला आणि खालच्या आवाजात हजराबींना सांगू लागला.

"भाबी, कारकून म्हने, कायले आणले? भंगार हाय ते, फेका तिकडं. गफ्फारभाईनं पोतं उलटं केलं. एवढा आवाज झाला, पन एकानंही मान वर केली नाही. भाई रिकामं पोतं घडी घालत उभे होते. लई वेळ घडीच घालून राह्यले होते."

दाराआड गुलनार मिरच्या कुटत होती. मुसळ थांबले. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाले.

हंगाम संपता संपता त्या बेरिंगा कोठीच्या एका पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या सापडल्या. कोणीतरी जपून ठेवल्या होत्या आणि विसरला होता. जिनिंगमध्ये हे सर्वांना कळले. गफ्फारभाईंना येऊन सांगावे असे कोणाला वाटले नाही. पुंडलिकरावांनी शेंगा पुन्हा घ्यायला सुरुवात केली, एवढेच.

दोरीने बांधल्यापासून मी उलायचा थांबलो. वारा आला की थोडा हलतो आणि परत जागेवर येतो. पण अंबाडीची दोरी पाऊस खाते. दरवर्षी मृगाआधी जुन्या गाठी कापून नव्या बांधाव्या लागतात. गफ्फारभाई ते न चुकता करत. पूर्वीसारखे एक आटा जास्त आवळणे त्यांनी सोडून दिले होते. गाठ मारून झाली की ते बांबूवर नुसता हात ठेवत. भोकांकडे मात्र पाहत नसत.

गुलनारचा निकाह १९६० मध्ये झाला. बायकांची पंगत माझ्याखाली बसली. ती पुसदला गेली. सणाला यायची तेव्हा बाप-लेक माझ्याखाली शेंगा सोलत बसत. मी दर वेळी वाट पाहायचो. तिचे हात थांबायचे, ती वर माझ्याकडे पाहायची, ओठ हलायचे. मग ती म्हणायची, "अब्बा, वाल यंदा चांगला आला."

ते म्हणायचे, "हो. यंदा बरा आला."

अशी बरीच वर्षे वाल चांगला येत राहिला.

गफ्फारभाईंच्या छातीत जिनिंगमधल्या रुईची धूळ बसली होती. १९६६ च्या उन्हाळ्यात ती त्यांना घेऊन गेली. त्या वर्षी माझ्या गाठी कोणी बदलल्या नाहीत. चाळिसाव्याला गुलनार आली तेव्हा दोन पाऊस पडून गेले होते, दोऱ्या कुजल्या होत्या आणि माझा एक बांबू मोरीवर लोंबत होता. पाहुणे गेल्यावर तिने खेमसिंगकडून दोरी मागवली, पदर खोचला आणि तिपाईवर चढली.

एकेक कुजकी गाठ ती कापत होती, नवी बांधत होती. मधेच तिचे बोट एखाद्या भोकात जाई आणि तिथेच राही. खाली हजराबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. चौथ्या, मागच्या उजव्या कोपऱ्याशी आली तेव्हा दोरीखाली तिला लोखंड लागले. एक बोल्ट. गंज नसलेला, तेलाने काळा झालेला.

तिचा हात थांबला. मित्रांनो, तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. त्यावर तोच प्रश्न आला होता, सातवीतल्या मुलीचा. तो आला हे तिलाही कळले, आणि तिने बोट मागे घेतले. मला ओरडून सांगायचे होते. मांडवाला आवाज नसतो.

हजराबींनी मान वर केली नाही. "तो राहू दे, बेटी. तो आपला हाय. बाजारातून आणला होता."

गुलनार तिपाईवरच खाली बसली.

"बाकीचे त्यायचे होते, ते नेऊन देले," हजराबी म्हणाल्या. "याले दरवर्षी तेल घालत. म्हनत, गुलनार कधी विचारीन तं दाखवू."

तांदळातले खडे वेचण्याचा आवाज होत राहिला. मग गुलनार उठली, आत जाऊन तेलाचा दिवा आणि फडके घेऊन आली. बोल्ट तिने नीट पुसला. दिव्यातले तेल नटावर सोडले आणि ते आट्यांत जिरेपर्यंत बोट धरून ठेवले. नंतर माझ्या पायथ्याशी बसून तिने वालाचे बी टोकले. माती सारखी करताना ती हलकेच म्हणाली, "हो अब्बा." नऊ वर्षांपूर्वी मोरीपाशी द्यायचे राहिलेले उत्तर तिने आता मातीला दिले.

मित्रांनो, मांडव बांधाल तर दोरीने बांधा, आणि मृगाआधी गाठी बदलायला विसरू नका. घरच्या माणसाला काही विचारावेसे वाटले तर जरूर विचारा. पण त्याने उत्तर दिले की ते तुम्हाला पोचले, एवढे त्याला कळू द्या. त्यासाठी एकच शब्द पुरतो, आणि तो समोर माणूस असेपर्यंतच देता येतो.

यंदाचा वेल बल्लीपर्यंत आला आहे. पुढच्या महिन्यात तो सगळी भोके झाकून टाकील. मागच्या उजव्या कोपऱ्यातली पाने मात्र मी वाऱ्याला सांगून जरा बाजूला ठेवणार आहे.