तडा गेलेल्या मुशीचा सूर

मित्रांनो, माझ्या पोटात दगडाचं पाणी होत असे. मी एक जुनी मूस, म्हणजे आगीत तापवायचं जाडजूड भांडं. मला घडवलं, भाजलं आणि या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं.

इथे दोन भावंडं काम करतात. दादा भट्टी सांभाळतो. ताई परग्रहांवरच्या ज्वालामुखींचा अभ्यास करते. तिथे जाऊन तर पाहता येत नाही, म्हणून ती काळा दगड वितळवून इथेच लाव्हा ओतते. मंगळावर जमिनीचं कवच सरकत नाही, त्यामुळे एकाच जागी थरावर थर चढून डोंगर अवाढव्य कसा होतो, ते तिने माझ्याच साहाय्याने पाहिलं.

ओतण्याआधी दादा मला लाकडी दांड्याने वाजवी. तडा नसलेली मूसच खणखणते; मी घंटेसारखी वाजले की म्हणे, "सुरात आहे गं!" एवढ्या कौतुकावर मी खुशाल आगीत उतरे.

एकदा मंगळावर असतो तसा वाळूचा उतार करायचा होता. कोरडी वाळू सारखी घसरे. दादाने पाणी शिंपडून ती थापली, वर कोरडी वाळू भुरभुरली आणि ते सांगायचं विसरला.

"तुझ्या दाढीपेक्षा गुळगुळीत झालाय की रे!" ताई म्हणाली.

"नजर लावू नकोस. ओत."

मला लांब दांड्यांच्या कडीत धरून दोघांनी दोन बाजूंनी उचललं. पिवळाधमक लाव्हा उतारावर पसरला. मग आतल्या पाण्याची वाफ उसळली आणि उतार फाटला! पेटते गोळे पत्रे भोसकून गेले, भिंतींवर फुटले. ताईच्या तोंडावरची काच तडकली. दादाची बाही पेटली. मी अजून अर्धी भरलेली. त्याने दांडा सोडला असता, तर उरलेली आग ताईच्या पायांवर ओतली गेली असती.

"दादा, सोड! जळतोयस!"

"आधी टेकव! हळू!"

त्याने सोडलं नाही. मी दाणकन टेकले आणि माझ्या कुशीत खोल तडा गेला. ताईने जाड घोंगडी टाकून त्याचा हात दाबून धरला.

"पाणी मारलंस, तर सांगायचंस ना रे!"

"विसरलो गं."

निवलेल्या लाव्ह्यावर बारीक तोंडांच्या टेकड्या उठल्या होत्या. मंगळाच्या छायाचित्रांत अगदी तशाच दिसतात; तिथे लाव्हा जमिनीतल्या बर्फावरून गेला असावा. ज्या दृश्यासाठी ताई वर्षानुवर्षं झुरली, त्याकडे ती पाठ करून बसली. दादाचा हात बरा होईपर्यंत शेडला कुलूप होतं आणि मी कोपऱ्यात धूळ खात होते.

नवी मूस आली तेव्हा मला भंगारात काढायला निघाले. दादा म्हणाला, "हिला राहू दे."

आता ताई आधी मला वाजवते: भद्द. मग नवीला: खण्ण. मग विचारते, "वाळू?" दादा डागाळलेल्या मुठीत उताराच्या आतली वाळू घेऊन फुंकतो. ती उडाली, तरच भट्टी पेटते.

मित्रांनो, फुटक्याला लगेच टाकून देऊ नका. देवाने माझ्याकडे एवढाच बसका सूर ठेवलाय. पण तो ऐकून ही दोघं संध्याकाळी धडधाकट घरी जातात.