पंचविसावी हजेरी

शनिवारी सकाळी क्वाबेना हसत हसत फुटबॉल क्लबच्या ऑफिसात आला तेव्हा क्लबची सेक्रेटरी शीना करारांची फाईल चाळत होती.

"आंटी, माझं घराचं पत्र झालं का?"

बंदराशेजारची एक चिंचोळी दुमजली जागा त्याने पाहून ठेवली होती. बायको आणि दोन वर्षांची मुलगी घानातल्या अक्राहून जूनमध्ये यायची होती. घरमालकीण म्हणे क्लबचं पत्र हवं, हा मुलगा पुढची दोन वर्षं इथेच आहे असं.

"टाईप झालंय रे. सही तेवढी राहिलीय. आज मॅच जिंक, मग घेऊन जा."

"जिंकतोच!" तो म्हणाला आणि जिना दणाणवत खाली गेला.

शीना पुन्हा फाईलकडे वळली आणि दोनच मिनिटांत तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने त्याचे सामने पुन्हा मोजले. मग पेन्सिल बदलून मोजलं, जशी काही चूक पेन्सिलीची होती.

भानगड अशी. क्वाबेनाला इंग्लंडमधल्या एका क्लबकडून आणलं ते एक पैसा न देता. पण या पहिल्या सीझनमध्ये तो पंचवीस सामने खेळला, तर त्या क्लबला महिन्याच्या आत तीन लाख पौंड मोजायचे. मैदानात एक पाऊल टाकलं तरी खेळला. इन्व्हरकार्नसारख्या सहा हजार वस्तीच्या गावाला चांगला खेळाडू असाच मिळतो, दुसरं कोण देणार फुकट? शीनाचा हिशेब चोख होता: तेवीस झाले, आजचा चोविसावा, सीझन खलास, सुटलो. फक्त जानेवारीतला कपचा सामना बाई विसरली. बर्फ पडत होता, प्रेक्षक दोनशे, हा शेवटची चार मिनिटं आत गेला होता. चार मिनिटं! आणि करारात "कोणताही अधिकृत सामना" असं धडधडीत लिहिलेलं, टाईप केलेलं तिनेच.

म्हणजे आजचा पंचविसावा.

आणि आज जिंकलं नाही तर क्लब खालच्या विभागात जाणार होता. बरोबरीसुद्धा चालणार नव्हती.

कोपऱ्यातल्या चहाच्या मोठ्या पिंपाकडे तिची नजर गेली. वीस वर्षांपूर्वी क्लब असाच वरच्या विभागात चढला, उसनवारीवर खेळाडू आणले, आणि तिसऱ्या वर्षी लिलाव. गोलाच्या जाळ्यासुद्धा विकल्या. हे पिंप तिने वीस पौंडांना सोडवून घेतलं होतं, रडत रडत. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता: नसलेले पैसे खर्चायचे नाहीत. आणि आता तिच्याच हातून हे.

गप्प बसावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. कोणाला कळणार? मग तिची तिलाच लाज वाटली आणि ती डूगलला शोधायला उठली.

डूगल रेनी क्लबचा अध्यक्ष. मासळीचा व्यापारी, आणि शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसून तिच्या वेण्या ओढणारा. तो गेटपाशी उभा राहून मटणाचं पॅटिस खात होता. तिने सगळं सांगितलं. पॅटिस हातात तसंच राहिलं.

"शीने, थट्टा करतेस ना?"

"माझं तोंड बघ. थट्टेचं दिसतंय?"

"आपल्याकडे ऑगस्टपर्यंतच्या पगारांपुरते पैसे आहेत. बस्स. टीव्हीचे पैसे पुढच्या सीझनला येतात, आणि ते छपरावाल्याला कबूल केलेत." त्याने पॅटिस कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डूगलने अन्न टाकलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. "आणि खाली गेलो तर सोमवारी धुलाईतल्या बायका, कँटीन, सगळ्यांना घरी बसवायचं. दोन्हीकडून मरणच की गं!"

"चूक माझी आहे."

"चूक कोणाची ते मग बघू. आधी यादी."

पावणेदोनला खेळाडूंची यादी पंचांना द्यायची. प्रशिक्षक अ‍ॅलेकने ऐकलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"माझा एकमेव गोल मारणारा पोरगा बाहेर बसवू? मग मीच खेळतो ना, गुडघ्याला पट्टी बांधून!"

"राखीव ठेव," डूगल म्हणाला. "माझ्याकडे बघत राहा. मी टोपी काढली तर पाठव. नाही काढली तर विचारू नकोस."

यादी शीनाने स्वतःच्या हाताने दिली. कागद दोनदा खाली पडला. पंच म्हणाला, "थंडी वाजतेय वाटतं?" ती नुसती हसली.

सामना सुरू झाला. समुद्रावरून धुकं येत होतं. पंधराव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. अर्ध्या वेळेनंतर आपल्या एका पोराच्या पाठीला लागून चेंडू आत गेला, एक-एक. पोराला स्वतःला कळलं नाही. मग लोक पेटले. "बेना! बेना!" म्हणून चारही बाजूंनी गायला लागले. क्वाबेना रेषेजवळ उड्या मारून पाय गरम करत होता आणि मधूनच अ‍ॅलेककडे बघत होता, मी काय केलं, असं. शीनाला ते बघवेना.

मागच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "डूगल रेनी, त्या पोराला मासळीसारखा बर्फात ठेवलायस काय रे?" सगळे हसले. डूगल नाही हसला.

ऐंशी मिनिटं झाली. टोपी डोक्यावरच.

"शीने, काय करू?"

"मला नको विचारूस. मीच घोळ घातलाय."

"म्हणूनच विचारतोय."

तिला ते पिंप आठवलं, लिलावातला तो माणूस आठवला. समोर कँटीनच्या बायका एप्रनसकट बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एल्सपेथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, बोटांच्या फटीतून बघत होती. तिला सोमवारचं काहीच माहीत नव्हतं.

तिने हात लांबवला आणि डूगलच्या डोक्यावरची टोपी स्वतःच काढली.

खाली अ‍ॅलेकने क्वाबेनाच्या पाठीवर थाप मारली. क्वाबेनाने रेषा ओलांडली. पंचवीस, शीना मनात म्हणाली. झालं. गेले तीन लाख.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला त्याने दोघांमधून चेंडू काढला आणि खालून, अगदी खांबाला घासून आत मारला.

पुढचं काय सांगावं! अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मागच्या म्हातारीने शीनाचा मुका घेतला. शिट्टी झाली तेव्हा अर्धं गाव मैदानात उतरलं होतं. डूगल रडत होता, नाक ओढत, लहान मुलासारखा. शीनाही रडली. रडता रडताच डूगल तिच्या कानाशी वाकला.

"जानेवारीत इंग्लंडच्या त्या दुसऱ्या क्लबवाल्यांनी पाच लाख देऊ केले होते ना बेनाचे?"

तिचं रडू थांबलं.

"तू नाही म्हणाला होतास. पोरगा विकणार नाही म्हणालास."

"तेव्हा म्हणालो होतो." त्याने बाहीने नाक पुसलं. "फोन लाव, शीने. आजच लाव. आजचा गोल त्यांच्या डोळ्यांपुढे आहे तोवर. उद्या भाव पाडतील."

"आणि पुढच्या वर्षी गोल कोण मारणार?"

"मला काय माहीत!" तो ओरडलाच. मग हळू म्हणाला, "अजून एक वर्ष तर मिळालं ना आपल्याला."

ती ऑफिसात गेली. फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला, सोमवारी येतो म्हणाला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टेबलावर ते पत्र होतं: क्वाबेना पुढची दोन वर्षं इन्व्हरकार्नमध्येच राहतील. ती ते घडी घालून पर्समध्ये ठेवत होती, तेवढ्यात जिना दणाणला.

चिखलाने माखलेला क्वाबेना, गळ्यात कोणाचा तरी स्कार्फ. बाहेर लोक त्याला हाका मारत होते.

"आंटी! जिंकलो! आता द्या पत्र. मालकीण खालीच आहे, आत्ता चावी देते म्हणते!"

शीना उभी राहिली. सकाळी एका चुकीसाठी ती डूगलकडे धावत गेली होती. आता तिने पर्स घट्ट बंद केली. सोमवारी सौदा ठरेपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं, ते खरंच. पण तेवढंच नव्हतं. त्या चेहऱ्याकडे बघून सांगायची तिला हिंमत होईना.

"ते घर नको घेऊस, बाळा."

"का? काय झालं?"

"ओल आहे त्यात," शीना म्हणाली. "लहान मुलीला बाधेल."

त्याने क्षणभर विचार केला, आणि मग केवढा खूश झाला.

"बरं झालं सांगितलंत! तुम्ही आहात म्हणून, आंटी. मग दुसरं बघाल ना माझ्यासाठी? इथेच, मैदानाजवळ?"

"बघते," ती म्हणाली.

तो खाली पळाला. खिडकीखाली लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.