तोंड मिटून पळणार नाही

दोंडाईच्यात मे महिन्यात पळायचं तर तोंडावर ओढणी बांधायची, ओठ मिटायचे आणि नाकाने बेताबेताने श्वास घ्यायचा. नाहीतर लू लागते. आमचे प्रशिक्षक पितांबरभाऊ सगळ्या पोरींना हेच शिकवत, आणि मोहल्ल्यातल्या बायकांनाही ते पटायचं. पोरीच्या जातीने रस्त्यात धापा टाकू नयेत, हे त्यांनी वरून जोडलेलं कलम.

डोंगरी शर्यतीसाठी भाऊंनी मला आणि धुळ्याच्या रोहिणीला लेहच्या सराव शिबिरात नेलं. शर्यतीत उतरणार एकच. उंचीची सवय व्हावी म्हणून दिलेली सुरुवातीची विश्रांती संपल्यावर मी घरच्याच शहाणपणाने ओढणी बांधून, श्वास दाबून पळाले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्यातच बसले.

शिबिराच्या डॉक्टर हेमलताताईंनी आधी ओढणी सोडली. "इथली हवा विरळ आहे. एका श्वासात प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर जास्त श्वास मागतं. आणि तू तो दाबतेस? इथली सवय होईल तसा श्वास आणखी वाढेल. वाढू दे."

मी वाढू दिला. डोकेदुखी गेली, पायांत जोर आला. फक्त चढावर मी लोहाराच्या भात्यासारखी वाजायला लागले, आणि भाऊंचा चेहरा पडत गेला.

"इतला दिन झायात, तरी धापा टाकी राहिनी," ते म्हणाले. "सवय व्हयनी ते दम कमी लागाले पाहिजे. मी रोहिणीले उतरावस."

"डॉक्टर म्हणतात, जास्त श्वास हीच सवय."

"डॉक्टर पयत नही."

डॉक्टर पळत नाहीत म्हणे! माझं डोकंच फिरलं. भाऊंपुढे मी कधी मान वर केली नव्हती, त्या दिवशी केली. "मग उद्या दोघींना टेकडीवर पळवा. जी आधी पोचेल तिला उतरवा. आणि मला तोंड मिटायला सांगू नका."

सकाळी रोहिणी ओठ घट्ट मिटून पुढे गेली. भाऊ वाटेत उभे होते. "तोंड मिट, अफरीन. लोके देखी राहिनात."

देखोत. मी आणखी मोठ्याने श्वास घेतला.

शेवटच्या चढावर रोहिणी कंबर धरून वाकली होती. चेहरा काळवंडलेला, ओठ तरी मिटलेलेच. तिला मागे टाकताना मी एवढंच म्हटलं, "उघड तोंड. कुणाला घाबरतेस?"

मी आधी पोचले. भाऊ जीपने वर आले होते. खाली बघत म्हणाले, "तुनं नाव देस." मग मागून येणाऱ्या रोहिणीकडे वळून सवयीने म्हणाले, "ए पोरी, तोंड..."

मी मध्ये जाऊन उभी राहिले. रोहिणी उघड्या तोंडाने, मोठमोठ्याने श्वास घेत वर आली.