थेट घरी

“मयताहून आलीस की थेट घरात शिरायचं नाही,” सासू सांगायची. “कुठं तरी टेकायचं, मग उंबरा ओलांडायचा. नाहीतर मेलेलं माणूस मागोमाग येतं.”

इसिद्राने हे जन्मभर पाळलं, रोजच्या जपमाळेइतक्याच नेमाने. लोकांचे कपडे धुऊन ती पोट भरायची. कुणाच्या मयताहून परतताना मात्र पावाच्या दुकानाशी घटकाभर टेकायची. नवरा क्रिस्पुलो हसायचा. तो मनिलाच्या ट्रामवर कंडक्टर होता. एकदा म्हणाला, “मी आधी गेलो तर कुठं टेकू नकोस. रुळावाचून मला वाट सापडत नाही. थेट घरी ने मला.”

“तुझ्या जिभेला काही हाड?” ती म्हणाली. पण तो हात सोडेना, तेव्हा तिने वचन दिलं.

शहरात लढाई पेटून घर जळायला लागलं तशी दोघं इस्पितळाच्या तळघरात आली होती. काल तो विहिरीवर पाण्याला गेला आणि तोफेचा गोळा पडला. जपान्यांचा, की शहर सोडवायला आलेल्या अमेरिकनांचा, कुणालाच सांगता येईना. आज दुपारी शेजारच्या तिबुर्सियो न्हाव्याने पत्र्याने खड्डा खणला आणि त्याने व इसिद्राने क्रिस्पुलोला चादरीत गुंडाळून आवारातच पुरलं. तेवढ्यात फाटकाशी अमेरिकन रणगाडे आले. सगळ्यांनी नदीपलीकडे जावं, तिथे डॉक्टर आहेत, अन्न आहे, असं सैनिक सांगत सुटले. जपानी अडून बसलेल्या किल्ल्याकडे तोफा चालूच होत्या. लोक रडले नाहीत, हसले नाहीत. गाठोडी उचलून चालू लागले.

इसिद्रा उलट्या बाजूला वळली.

“ताई, घर कुठलं राहिलंय? सगळी आळी राख झाली,” तिबुर्सियो म्हणाला.

“जागा असेल ना.”

“जागा काय चावून खाणार? मेलेला काय मागून येतोय, जिवंत राहायचं बघा.”

ती चालतच राहिली. त्याचा आवाज उतरला. “बरं, जा. पण आधी इथं टेका, दोन घोट पेज घ्या.”

“टेकायचंच तर नाही मला, बाबा.”

फाटकाशी इस्पितळातली एक नन वाफाळती पेज वाटत होती. तिने वाटी पुढे केली. चार दिवसांची उपाशी इसिद्रा. वासानेच तिचा हात वाटीकडे गेला. मग तिने छातीवर क्रुसाची खूण केली, मान हलवली आणि ती फाटकाबाहेर पडली.

विटांच्या ढिगाऱ्यांमधून ती अगदी सावकाश चालली होती, मागून येणाऱ्याची दमछाक होऊ नये इतक्या बेताने.